ज्या गोष्टीला शेवट नाही, ती आपल्या मुलांना मराठी शिकवणार नाही

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून मग भांडा.

"घरात मराठी मालिका लावून ठेवायची, मुलांच्या कानावर आपोआप मराठी पडतं." हा सल्ला परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात फुकट मिळतो. इथे अल अझीझियात नवीन बिऱ्हाड आलं की शाळा कुठली, मासे कुठे मिळतात आणि मराठी चॅनेलचं पॅकेज कुठलं घ्यायचं, हे तीन प्रश्न पहिल्या आठवड्यात सुटतात. तिसऱ्याचं उत्तर देताना सगळ्यांचा आवाज जरा पुण्य केल्यासारखा होतो. जणू पॅकेज घेतलं म्हणजे मातृभाषेचं कर्ज फिटलं.

माझं म्हणणं सरळ आहे. रोज चालणारी आणि कधी संपणार हे कुणालाच माहीत नसलेली मालिका ही आपल्या मुलांची मराठीची बाई होऊ शकत नाही. सासू-सुनेचं भांडण असतं म्हणून नाही, भरजरी साड्या नेसून पोळ्या लाटतात म्हणूनही नाही. त्यावर विनोद करून झाले, आता पुरे. माझा आक्षेप एकच आहे: तिला शेवट नाही.

मी सीए आहे. आमच्या धंद्यात वही बंद करायची एक तारीख असते. ती तारीख नसेल तर नफा झाला की तोटा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ३१ मार्च नसता तर प्रत्येक व्यापारी "पुढच्या महिन्यात येणार आहेत पैसे" म्हणत आयुष्यभर फायद्यात राहिला असता. गोष्टीचंही तसंच आहे. ती संपते तेव्हाच कोण बरोबर होतं, कोण चुकलं, कुणाला काय किंमत मोजावी लागली, हे कळतं.

मालिका किती भागांची, हे कोण ठरवतं?

आपल्याला वाटतं लेखक ठरवतो. अजिबात नाही. पैसे देणारा ठरवतो, आणि हे टीव्हीच्या जन्मापासून असंच आहे.

अमेरिकेत टीव्ही आला तो रेडिओच्या मांडीवर बसून. एनबीसी १९२६ ची, सीबीएस १९२७ ची, दोन्ही मुळात रेडिओ कंपन्या. एबीसी तर एनबीसीचंच एक रेडिओ जाळं १९४३ मध्ये विकावं लागलं, त्यातून निघाली. चौथं ड्युमाँट नावाचं नेटवर्क होतं, ते १९५६ मध्ये बंद पडलं. रेडिओवर जाहिरातदार वेळ विकत घ्यायचे ते तिमाहीच्या हिशेबाने. वर्षाचे ५२ आठवडे, भागिले चार, म्हणजे १३. हा १३ चा आकडा तिथून आला. कुणा लेखकाला स्वप्नात दिसला नव्हता. तीन तिमाह्या कार्यक्रम चालवायचा, म्हणजे ३९ भाग. चौथ्या तिमाहीत उन्हाळा, लोक बाहेर, तेव्हा त्या जागी दुसरं काहीतरी स्वस्तातलं. 'द हनीमूनर्स' या गाजलेल्या विनोदी मालिकेचे १९५५-५६ च्या हंगामात बरोबर ३९ भाग झाले, ते याच पाढ्याने.

मग हे ३९ चे पुढे २२-२४ कसे झाले? तेही पैशानेच. सुरुवातीचे बरेचसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, दाखवले की गेले. १९५१ मध्ये सीबीएसवर 'आय लव्ह लूसी' आली ती फिल्मवर चित्रित केलेली. फिल्म असली की तोच भाग पुन्हा दाखवता येतो, आणि पुन्हा दाखवायला नवीन खर्च जवळजवळ नाही. तिकडे नवा भाग करायचा खर्च वर्षागणिक वाढत होता. मग वर्षभर नवे भाग कशाला करा? हळूहळू नवे भाग कमी, जुने पुन्हा पुन्हा. जाहिरातींऐवजी परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीने तर सहा-सहा भागांचे हंगाम केले. 'फॉल्टी टॉवर्स' ही मालिका १९७५ आणि १९७९ मिळून अवघ्या १२ भागांची आहे, आणि लोक आजही बघतात.

दुसऱ्या टोकाला साबणवाले. दुपारी घरी असलेल्या बायकांना साबण विकायचा म्हणून प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्यांनी रोजच्या मालिका पोसल्या. 'सोप ऑपेरा' हे नाव त्यावरूनच पडलं. 'द गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये संपली. बहात्तर वर्षं! साबण रोज लागतो, म्हणून गोष्टही रोज.

म्हणजे नियम साधा आहे. बिल कुणाच्या नावाने फाटतं ते बघा, गोष्टीची लांबी कळते.

आपल्याकडे काय झालं?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. माझ्या वयाच्या सगळ्यांचं बालपण त्याच्यासमोर गेलं. तिथेही १३ चाच पाढा होता: १३ भाग मंजूर, चालले तर आणखी १३. 'रामायण' आधी ५२ भागांचं ठरलं होतं, मुदतवाढ मिळत मिळत ७८ वर गेलं. दोन्ही आकड्यांना १३ ने भागून बघा. शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'चे मूळ भाग ३९. पुन्हा तेच.

'हम लोग'ची गंमत तर आपल्या माणसापासून सुरू होते. त्या वेळचे माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे, विदर्भाचे खासदार, मेक्सिकोला गेले होते. तिथे समाजप्रबोधनासाठी मालिका करत, त्यावरून कल्पना आली. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली, लिहिली मनोहर श्याम जोशींनी, पुरस्कृत केली मॅगीने. हेतू कुटुंबनियोजनाचा. पहिल्या १३ भागांत उपदेश फार होतोय, लोकांना रुचत नाही असं दिसल्यावर तो कमी केला. बघा, तिमाही संपली, हिशेब बघितला, दुरुस्ती केली. आणि सतरा महिन्यांनी, डिसेंबर १९८५ मध्ये, ती मालिका संपली. देश रडला, पण संपली.

मराठीतही तेच. चिं. वि. जोशींच्या पुस्तकांवरचा 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आठवा, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची 'गोट्या' आठवा. आठवड्यातून एकदा यायच्या, मधले सहा दिवस आपण त्यावर बोलायचो. त्या संपल्या म्हणूनच अख्ख्या आठवतात.

मग उपग्रह वाहिन्या आल्या. अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी, १९९९ मध्ये, ई टीव्ही मराठी २००० मध्ये. तिकडे हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' जुलै २००० ला सुरू झाली आणि २००८ पर्यंत चालली. आपण मागे का राहू? 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ मध्ये संपली, तीन हजारांहून जास्त भाग. नाव 'चार दिवस', मुक्काम अकरा वर्षं! एका भागात जाहिराती सोडून साधारण २२ मिनिटं धरा. ३,००० गुणिले २२ म्हणजे ६६,००० मिनिटं, म्हणजे १,१०० तास. रोज एक तास बघितलं तरी तीन वर्षं लागतील. १३ भागांची मालिका किती? २८६ मिनिटं, पावणेपाच तास आणि एक मिनिट.

आता यामागचं गणित. समजा वाड्याचा सेट उभा करायला २६ लाख लागले (आकडा फक्त समजण्यापुरता). १३ भागांत मालिका संपली तर भागामागे २ लाख पडले. १,३०० भाग केले तर भागामागे २,०००. कलाकार ठरलेले, कपडे तेच, प्रेक्षकाची सवय लागलेली. मालिका जितकी लांब, तितकी ती स्वस्त. वर दर गुरुवारी बार्कचे आकडे येतात. आकडे बरे असतील तर बंद कोण करील? पडले तर दोन आठवड्यांत नवीन व्हिलन आणतात. धंद्याच्या दृष्टीने यात काही पाप नाही. त्यांच्या जागी मी हिशेबाला असते तर "चालू ठेवा" असंच लिहून दिलं असतं. पण ते त्यांच्या ताळेबंदासाठी बरोबर आहे. माझ्या घराच्या ताळेबंदात ते कुठल्या बाजूला बसतं, हा माझा प्रश्न आहे.

आणि आपण तर मोजलेच जात नाही

हे नीट ऐका. ज्या आकड्यांवर मालिकेचं नशीब ठरतं, ते भारतातल्या घरांत बसवलेल्या मीटरवरून येतात. दोह्यातलं, दुबईतलं, न्यू जर्सीतलं, सिडनीतलं घर त्यात नाही. तुमच्या मुलाने रोज बघितलं काय आणि टीव्ही उन्हात टाकला काय, त्या आकड्यात शून्य फरक. म्हणजे ही मालिका लिहिताना कुणाच्याही डोळ्यांसमोर परदेशात वाढणारं मराठी मूल नसतं. असायची गरजही नाही त्यांना. मग आपण कुठल्या हिशेबाने ती मुलांच्या शिक्षणाच्या खात्यात टाकतो?

वेळही बघा. भारत आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिकडचा रात्री आठचा भाग इथे संध्याकाळी साडेपाचला लागतो. म्हणजे मुलं शाळेतून येऊन, जेवून, झोप काढून ताजीतवानी होतात, अस्पायर पार्कात सायकल काढायची वेळ होते, तेव्हा. तिकडे ती आजीची जेवणाआधीची वेळ, इथे ती मुलाची खेळायची वेळ.

भाषा कानाने नाही, "मग काय झालं?"ने येते

माझा मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ. आजी इथे आल्या की मुलगी त्यांच्या शेजारी बसून मालिका बघते. तिला 'कारस्थान' माहीत आहे, 'वारस' माहीत आहे, 'घराण्याची अब्रू' माहीत आहे. 'किसणी' माहीत नव्हती. 'उंबरठा' म्हणजे ज्याच्यावर नव्या सुनेने माप ओलांडायचं ती जागा एवढंच माहीत, आपल्या दाराला तो असू शकतो हे नाही.

पण शब्दांचं सोडा, शब्द येतील. खरी अडचण वेगळी आहे. मी तिला विचारलं, "काय झालं गं आज?" म्हणाली, "काही नाही. कालचंच." तिची चूक नाही. खरंच काही झालं नव्हतं! तीन जणांचे चेहरे तीन वेळा दाखवले, मागे ढोल वाजला, भाग संपला. होऊच शकत नाही काही, कारण काही झालं तर गोष्ट पुढे सरकेल, आणि सरकली तर एक दिवस संपेल. म्हणून मेलेला परत येतो, स्मृती गेलेल्याची स्मृती सोयीच्या दिवशी परत येते, माफी मागितलेली असते ती पुढच्या महिन्यात पुन्हा मागावी लागते. कुठल्याच गोष्टीचा कशावरच कायमचा परिणाम नाही.

आणि मूल भाषा बोलायला लागतं ते सांगण्यासारखं काही असतं म्हणून. "आधी असं झालं, मग त्याने तसं केलं, म्हणून शेवटी हे झालं." यातले 'आधी', 'मग', 'म्हणून', 'पण', 'तरीसुद्धा', 'नाहीतर' हे शब्द म्हणजे भाषेचा कणा. भाजीपाल्याची नावं ही नुसती त्वचा. ज्या गोष्टीला शेवट नाही तिच्यात 'म्हणून' येतच नाही, नुसतं 'आणि' येतं. आणि, आणि, आणि. इथे शाळा इंग्रजीत, मित्र इंग्रजीत, शाळेत अरबी आणि हिंदीही. मराठीच्या वाट्याला दिवसाचा एखादा तास येतो. तो एकुलता एक तास 'आणि'वर उधळायचा?

आपल्या पूर्वजांना हे चांगलं कळत होतं. व्रताच्या कहाण्या सुफळ संपूर्ण होतात. पोथीचं पारायण सात दिवसांचं असतं, कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतो आणि मग आरती होते. लांबी वाईट नाही, बरं का. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' ९४ भागांचं होतं, पण कुरुक्षेत्र येणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शेजारी बघा

इथल्या अरब शेजाऱ्यांकडे रमझानच्या मालिका असतात. महिना तीस दिवसांचा, मालिकाही साधारण तीस भागांची. इफ्तार झालं की सगळं घर बसतं, आजीपासून नातवापर्यंत. 'बाब अल-हारा' ही दमास्कसच्या जुन्या मोहल्ल्याची सीरियन मालिका २००६ पासून अशीच घराघरांत गेली. ईद आली की हंगाम संपला. कुटुंबाने एकत्र बसून बघायची गोष्ट, सणाला बांधलेली, आणि संपणारी. जाहिराती त्यांच्याकडेही असतात, पैसा त्यांनाही कळतो. पण कॅलेंडर सणाचं आहे. आपल्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळी एवढं सगळं असताना एक तरी कुटुंबाची मालिका दहा दिवसांत किंवा महिन्यात संपणारी का नसावी?

मराठीला संपवता येत नाही असंही नाही. 'दिल दोस्ती दुनियादारी' २०१५ मध्ये आली आणि वर्षभरात संपली, लोक हळहळत असताना. त्या हळहळीचीच आज आठवण आहे. उलट 'आई कुठे काय करते' बघा. घरात राबणाऱ्या बाईच्या कामाचा हिशेब कुणी मांडत नाही हा विषय किती मोलाचा! माझ्यासारखीला तर अगदी जवळचा. पण ती डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. सुरू झाली तेव्हा दुसरीत असलेलं मूल संपली तेव्हा सातवीत होतं. मूळ प्रश्न त्याला आठवत असेल?

"पण..." म्हणणाऱ्यांसाठी

"आजी-आजोबांनी काय बघायचं मग?" त्यांना हवं ते बघू दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्यात त्यांनी. माझा वाद त्यांच्या करमणुकीशी नाही, त्या करमणुकीवर आपण 'मुलांचं मराठी' असा शिक्का मारतो त्याच्याशी आहे.

"काहीच नाही त्यापेक्षा हे बरं." हा युक्तिवाद मी क्लायंटकडून रोज ऐकते: "पावती नाही, पण पैसे तर गेलेत ना!" गेले, पण वजावट मिळणार नाही. उलट या समाधानामुळे आपण दुसरं काही करतच नाही, हाच तोटा मोठा.

"वेळ कुणाला आहे?" आठवड्याला एक तास. रोजच्या मालिकेला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी.

"सरळ इंग्रजीच बघू दे मग, जग तिकडेच चाललंय." नाही. हा सल्ला देणाऱ्यांशी माझं जास्त कडक भांडण आहे. मला मराठी कमी नकोय, पुरी हवीय.

मग करायचं काय?

जुना १३ चा पाढा आपण आपल्यासाठी वापरायचा. साबणवाल्याने ठरवलेली तिमाही आपण ठरवू.

१. तेरा शुक्रवार. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तुमच्याकडे असेल तो वार धरा. सुरू करायच्या दिवशीच शेवटच्या शुक्रवारची तारीख कॅलेंडरवर लिहायची.

२. एकच गोष्ट, संपणारी. जुनी मालिका मिळाली तर ती, नाहीतर पुस्तक. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ताम्हनकरांचा गोट्या आहे, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. बोक्या तर मुळात आकाशवाणीवरचा, मोठ्याने वाचायला अगदी सोयीचा.

३. आठवड्याला एकच भाग. पुढचा मागितला तरी द्यायचा नाही. मधल्या सहा दिवसांत मुलाने भारतात फोन करून आजीला, मावशीला, काकाला "मग काय झालं" ते सांगायचं. मराठीतच. अडखळला तर अडखळू दे, वाक्य आपण पुरं करून द्यायचं नाही.

४. चौदाव्या शुक्रवारी हिशेब. काय आवडलं, कोण चुकलं, तू असतास तर काय केलं असतंस? पटलं नाही तर पुढच्या तिमाहीत गोष्ट बदला. 'हम लोग'वाल्यांनी बदलली, आपण का नाही?

५. मंडळांना विनंती. मुलांचे मराठी वर्ग 'कायमचे' म्हणून सुरू करू नका, ते तिसऱ्या महिन्यात ओस पडतात. तेरा आठवड्यांचे करा आणि शेवटी मुलांचा छोटा प्रयोग ठेवा. पालकही टिकतात, शिक्षकही टिकतात, कारण सगळ्यांना शेवट दिसत असतो.

आणि वाहिन्यांना, ही पोस्ट कुणी पोचवली तर: ठरलेल्या भागांची, आधीच शेवट लिहिलेली एक मालिका काढा. परदेशातला मराठी माणूस तुमच्या मीटरमध्ये नसेल, पण तो वर्गणी भरतो. बिल आमच्याही नावाने फाटतं.

"तुला काय, सगळीकडे हिशेबच दिसतो" असं कुणीतरी लिहिणारच आहे. हो, दिसतो. मुलं आपल्या घरात साधारण अठरा वर्षं असतात. अठरा वर्षांच्या बहात्तर तिमाह्या होतात. माझ्या मुलाच्या त्यातल्या अठ्ठेचाळीस संपल्या, चोवीस उरल्यात. ज्यांचं मूल पाळण्यात आहे त्यांच्याकडे भांडवल भरपूर आहे. ज्यांचं दहावीत आहे त्यांनी आजच कॅलेंडर काढा.

तुमच्या घरी कुठली संपणारी मराठी गोष्ट चालली, किती वयाच्या मुलाला आवडली, कमेंटमध्ये लिहा. आपण यादी करू. पण सांगताना गोष्टीचा शेवटही सांगा हं, नुसतं "खूप छान आहे" नको.